मेक्सिकोचा मका आणि मुक्त व्यापार

श्रोतेहो, आपल्या घरात ज्वारीच्या भाकरीला जे स्थान, तेच मेक्सिको देशातल्या घरात मक्याच्या तोर्तियाला आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सकाळी धुऊन पाट्यावर वाटायचा, त्या ओल्या पिठाची पातळ भाकरी थापायची आणि तव्यावर भाजायची. आता पाट्याच्या जागी गिरण्या आल्या, पण चुना, मका आणि तवा ही तिन्ही तशीच राहिली. मका ही वनस्पतीच मुळी त्या भूमीतली. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, तिथल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी एका रानगवतातून निवडीनिवडीने हे धान्य तयार केले. पावसाळ्यात आपण कणीस भाजून, तिखटमीठ लावून खातो, ते मूळचे त्या लोकांचे देणे आहे.

अशा या मक्याच्या माहेरी 1994 साली एक मोठी घटना घडली. मेक्सिकोने आपल्या उत्तरेच्या बलाढ्य शेजाऱ्याशी, म्हणजे अमेरिकेशी, आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार केला. आणि त्या करारात मकाही घातला. त्याआधी काय होते, त्यानंतर काय झाले, कोणाचे भले झाले आणि किंमत कोणी मोजली, हे आज पाहू या. दूरच्या देशाची गोष्ट आहे खरी, परंतु तिच्यातले प्रश्न आपल्याला परके वाटणार नाहीत.

प्रथम मुक्त व्यापाराचा करार म्हणजे काय ते समजून घेऊ. समजा, शेजारशेजारची दोन गावे आहेत. दोन्ही गावांच्या वेशीवर जकात नाके आहेत. एका गावचा गूळ दुसऱ्या गावच्या बाजारात न्यायचा तर नाक्यावर पट्टी भरावी लागते, म्हणून तो तिथे महाग पडतो. त्यामुळे त्या गावच्या गुऱ्हाळवाल्याला आडोसा मिळतो. उद्या दोन्ही गावांनी ठरवले की, एकमेकांच्या मालावर जकात घ्यायची नाही, तर गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळेल, ज्याच्याकडे जे चांगले पिकते त्याला मोठी बाजारपेठ मिळेल. पण ज्याचा धंदा केवळ नाक्याच्या आडोशाने उभा होता तो उघड्यावर येईल. देशांचे करार म्हणजे हाच व्यवहार, फक्त मोठ्या मापाचा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा करारात जकात एका रात्रीत उठत नाही. कोणत्या मालावरची किती वर्षांत उतरवायची याचे कोष्टक ठरलेले असते. दुबळ्या धंद्याला तयारीसाठी अवधी मिळावा, हा त्यातला हेतू. मेक्सिकोच्या कहाणीत हा अवधीच फार महत्त्वाचा आहे.

आता थोडे मागे जाऊ. मेक्सिकोत 1910 साली क्रांती झाली. मोठमोठ्या जमीनदाऱ्यांत गावोगावच्या जमिनी गिळल्या गेल्या होत्या आणि शेतकरी आपल्याच शिवारात मजूर झाला होता. एमिलियानो सापाता नावाच्या शेतकरी पुढाऱ्याने जमिनीसाठी शस्त्र उचलले. 1919 साली तो दग्याने मारला गेला, परंतु 1917 च्या राज्यघटनेच्या 27 व्या कलमात जमीन वाटपाचे तत्त्व येऊन बसले होते. पुढे 1934 ते 1940 या काळात राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन गावांना वाटली. या गावकीच्या जमिनीला तिकडे ‘एहिदो’ म्हणतात. कुटुंबाने ती पिढ्यान्‌पिढ्या कसावी, पण विकू नये, गहाण टाकू नये, असा दंडक होता. आपल्याकडच्या ‘वर्ग दोन’च्या जमिनीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था.

याच काळात एक मराठी माणूस मेक्सिकोच्या शेतावर राबत होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर पक्षाचे क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात मायदेशी परतणे शक्य नव्हते, म्हणून फिरत फिरत ते 1924 साली मेक्सिकोत पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर जी चित्रे काढली, त्यांतल्या रोजच्या भाकरीच्या चित्रात भाकरी मोडून देणारा पुरुष म्हणून खानखोज्यांनाच रंगवले आहे. देश स्वतंत्र झाल्यावर ते परत आले आणि 1967 साली नागपूरला वारले. त्या अगोदरच्याच वर्षी, 1966 मध्ये, आपल्या सरकारने मेक्सिकोतून लेर्मा रोहो आणि सोनोरा या बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे आणले होते. आपल्या हरितक्रांतीचा आरंभ त्या बियाण्यातून झाला. तेव्हा त्या देशाचे आणि आपले नाते धान्याचे आहे.

असो. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोने व्यापारात आपली वेस बरीचशी बंद ठेवली. परदेशी मालावर जबर जकात, पुष्कळ वस्तूंना परवान्याची अट, आणि आतल्या कारखान्यांना आडोसा, असे धोरण होते. शेतकऱ्याचा मका एक सरकारी महामंडळ ठरल्या भावाने विकत घेई आणि शहरात तोर्तिया स्वस्त विकली जाई. मधला फरक सरकार सोसत असे. तेलाच्या खाणी होत्या तोवर हे चालले. परंतु तेलाच्या भरवशावर सरकारने परदेशातून कर्ज काढले, ते वाढत गेले, आणि ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोच्या अर्थमंत्र्यांना सांगावे लागले की, आम्ही हप्ते भरू शकत नाही. तेलाचे भाव उतरले होते, व्याजाचे दर चढले होते. ज्या घराचे उत्पन्न एकाच पिकावर आणि खर्च सावकाराच्या पैशावर, त्या घराची जी गत होते तीच त्या देशाची झाली.

येथून धोरणाचा वारा फिरला. कर्ज देणाऱ्या संस्थांचा आग्रह होता आणि देशातल्या नव्या पिढीच्या अर्थशास्त्रज्ञांनाही वाटत होते की, वेस उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. 1986 मध्ये मेक्सिको जागतिक व्यापाराच्या सर्वसाधारण करारात सामील झाला आणि जकातीची कमाल पातळी 100 टक्क्यांवरून थोड्याच काळात 20 टक्क्यांवर आली. 1988 साली कार्लोस सालिनास राष्ट्राध्यक्ष झाले. 1992 च्या आरंभी त्यांनी घटनेचे 27 वे कलम बदलून एहिदोची जमीन भाड्याने देण्याची आणि पुढे विकण्याचीही वाट मोकळी केली. त्याच वर्षी 17 डिसेंबर रोजी अमेरिका आणि कॅनडा यांच्याबरोबर उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. 1 जानेवारी 1994 पासून तो अमलात आला.

मक्यापुरते त्यात काय ठरले ते पाहा. पहिल्या वर्षी अमेरिकेचा 25 लाख टन मका जकातीशिवाय आत येऊ द्यायचा. ही मर्यादा दरसाल 3 टक्क्यांनी वाढवायची. मर्यादेबाहेरच्या मक्यावर आरंभी 215 टक्क्यांपर्यंत जकात. ती उतरवत उतरवत 15 वर्षांनी, म्हणजे 2008 साली, शून्यावर आणायची. कागदावर पाहिले तर हा वाईट सौदा नव्हता. पंधरा वर्षांत पाणी, बी, रस्ते, कर्ज यांची सोय करून शेतकऱ्याला उभे करता आले असते. कारण दोन्ही बाजूंतले अंतर फार मोठे होते. अमेरिकेत त्या सुमाराला मका हेक्टरी सात-आठ टन होई, मेक्सिकोत सरासरी दोन-अडीच टन. तिकडे शेकडो एकरांची सपाट शेते, यंत्रे आणि सरकारचे भरघोस अनुदान. इकडे डोंगरउताराची, पावसावरची, पाच-दहा एकरांची वहिवाट.

करार ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी पहाटे दक्षिणेकडच्या चियापास प्रांतात मायावंशीय शेतकऱ्यांनी सापाताचे नाव घेऊन बंड केले आणि सान क्रिस्तोबालसह काही गावे ताब्यात घेतली. त्यांच्या गाऱ्हाण्यांत जमीन होती आणि हा करारही होता. बारा दिवसांनी शस्त्रे थांबली. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या. त्या वर्षाच्या अखेरीस दुसरे संकट आले. डिसेंबर 1994 मध्ये मेक्सिकोचे चलन, पेसो, कोसळले. साडेतीन पेसोला मिळणारा डॉलर काही महिन्यांत सातच्या वर गेला आणि 1995 साली देशाचे उत्पन्न सुमारे 6 टक्क्यांनी घटले. हे संकट कराराने आणले असे म्हणता येणार नाही. चलन ओढूनताणून महाग ठेवले होते आणि परदेशी पैसा आला तसाच पळाला. परंतु गरिबाला हिशेब वेगवेगळे मांडता येत नाहीत. त्याच्या दारात दोन्ही संकटे एकदमच आली.

आता पंधरा वर्षांच्या त्या अवधीचे काय झाले? इथेच या कहाणीचा कळीचा मुद्दा आहे. मर्यादेबाहेर आलेल्या मक्यावर जी जकात घेण्याचा हक्क करारानेच दिला होता, ती मेक्सिकोच्या सरकारने बहुतेक वर्षी घेतलीच नाही. कारण असे सांगितले गेले की, धान्य स्वस्त राहिले तर शहरात महागाई वाढणार नाही, आणि कोंबड्या, डुकरे पाळणाऱ्यांनाही स्वस्त चारा मिळेल. म्हणजे पंधरा वर्षांनी पडायची भिंत दोन-तीन वर्षांतच पडली. त्याच काळात सरकारी खरेदी आटोपती घेतली आणि 1999 मध्ये ते महामंडळच बंद झाले. शेतीकर्ज आटले. शेतकऱ्याला हेक्टरी काही रोख रक्कम देण्याची योजना 1993-94 पासून सुरू झाली, तिचा आधार झाला हे खरे. पण रोख रकमेने विहीर होत नाही आणि रस्ताही होत नाही.

परिणाम काय झाला, तो दोन्ही अंगांनी पाहिला पाहिजे. पुष्कळदा सांगितले जाते की, मेक्सिकोतला मका नष्ट झाला. तसे झाले नाही. उलट देशातले मक्याचे उत्पादन वाढले. वायव्येकडच्या सिनालोआ प्रांतात कालव्याच्या पाण्यावर मोठे शेतकरी हेक्टरी दहा टनांपर्यंत पांढरा मका काढू लागले. डोंगरातल्या लहान शेतकऱ्यानेही मका सोडला नाही, कारण तो विकण्यासाठी नव्हे, घरच्या भाकरीसाठी पेरत होता; आणि आपले पिढीजात वाण त्याने राखले. पण उरलेला चार पोती मका विकून मीठ, कापड, औषधपाणी करायचे, ते गणित मोडले. महागाई वजा केली तर मक्याचा भाव दहा-बारा वर्षांत निम्म्याहून खाली गेला. तेव्हा पोरगे शहराकडे किंवा थेट सरहद्द ओलांडून गेले. 1990 साली अमेरिकेत मेक्सिकोत जन्मलेले सुमारे 43 लाख लोक होते. 2000 साली ते 90 लाखांवर गेले. सगळेच मक्यामुळे गेले नाहीत, पेसो कोसळला त्यामुळेही गेले. पण गावेच्या गावे म्हातारी आणि बायकामुलांची झाली. मनीऑर्डरीवर चालणारी गावे आपल्या कोकणाने पाहिली आहेत. त्यामुळे ते चित्र डोळ्यांसमोर आणायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत.

बरे, मका स्वस्त झाला तर निदान तोर्तिया तरी स्वस्त व्हायला हवी होती. तीही झाली नाही. सरकारने तोर्तियावरचे अनुदान आणि भावाचे बंधन 1999 च्या आरंभापर्यंत उठवले, पिठाचा धंदा थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होता, आणि खाणाऱ्याच्या हाती महागच भाकरी आली. पुढे अमेरिकेत मक्यापासून मोटारीचे इंधन करण्याची लाट आली, मक्याचा भाव भडकला आणि जानेवारी 2007 मध्ये तोर्तियासाठी मेक्सिको शहराच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले. शेवटी सरकारने व्यापाऱ्यांशी बोलून किलोला साडेआठ पेसो असा भाव बांधून घेतला. पुढल्या वर्षी जकात शून्य झाली तेव्हा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीत आले. मका नाही तर देश नाही, अशी त्यांची घोषणा होती.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर तो इतिहास होणार नाही, एकतर्फी वकिली होईल. 1993 साली मेक्सिकोची निर्यात सुमारे 5,200 कोटी डॉलर होती. 2023 साली ती 59,000 कोटी डॉलरांच्या वर गेली. उत्तर आणि मध्य भागांत मोटारी, त्यांचे सुटे भाग, दूरचित्रवाणी संच, विमानांचे भाग तयार करणारे कारखाने उभे राहिले. वर्षाला तीस लाखांहून अधिक गाड्या तिथे तयार होऊ लागल्या. शेतीतही काहींचे नशीब उघडले. मिचोआकान प्रांतातले अॅव्होकाडो हे फळ, ज्याला अमेरिकेने 1914 पासून किडीच्या कारणाने दार बंद केले होते, ते 1997 पासून थोड्या राज्यांत आणि 2007 पासून सर्व राज्यांत बारमाही जाऊ लागले. टोमॅटो आणि भाजीपाला यांचेही तसेच. म्हणजे ज्याच्याकडे पाणी, भांडवल आणि जवळचा रस्ता होता तो पुढे गेला. ज्याच्याकडे यातले काही नव्हते, त्याच्यासाठी वेस उघडली ती फक्त गाव सोडून बाहेर पडण्यापुरती. साऱ्या देशाचे मिळून पाहिले तर दरडोई उत्पन्न वर्षाला सरासरी एक टक्क्याच्या आसपासच वाढत राहिले. निर्यात अकरा पट आणि घरची भाकरी जवळजवळ तेवढीच, असे हे कोडे आहे. त्याचे एक उत्तर असे की, बाहेर जाणाऱ्या वस्तूत आत आणून जोडलेले परदेशी भाग पुष्कळ होते. मेक्सिकोच्या वाट्याला मुख्यतः जोडणीची मजुरी आली.

एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवणे धोक्याचे, हे मेक्सिकोलाही कळत होते. म्हणून त्याने करारांची रांगच लावली. चिली, कोलंबिया, कोस्टा रिका, बोलिव्हिया हे भाषाबंधू. 2000 साली युरोपीय संघ आणि इस्रायल. 2005 साली जपान. 2012 पासून चिली, पेरू, कोलंबिया यांच्याबरोबर पॅसिफिक संघटन. आणि 2018 च्या अखेरीस पॅसिफिक महासागराच्या दोन्ही तीरांवरच्या देशांचा मोठा करार. चाळीसहून अधिक देशांशी त्याचे करार झाले. तरीही निर्यातीचे पाचांतले चार भाग अमेरिकेलाच जात राहिले. कागदावर सह्या केल्याने वाट तयार होत नाही. वाटेवर चालणारा माल, जहाजे, गिऱ्हाइकाची ओळख, भाषा हे सारे लागते. आणि मोठा शेजारी उंबऱ्यालाच असला म्हणजे पाय आपोआप तिकडे वळतात.

मोठ्या शेजाऱ्याशी केलेला करार कसा पाळला जातो याचेही एक उदाहरण सांगतो. मेक्सिकोचे मालट्रक अमेरिकेत माल घेऊन थेट जाऊ शकतील असे करारात लिहिले होते. अमेरिकेने ते लांबणीवर टाकले. 2001 साली लवादाने निकाल मेक्सिकोच्या बाजूने दिला, तरी काम अडलेलेच. अखेर 2009 मध्ये मेक्सिकोने सुमारे 90 अमेरिकी मालांवर जकात बसवली, तेव्हा 2011 मध्ये तडजोड झाली. यातून दोन गोष्टी दिसतात. बलवान पक्ष लेखी शब्दही रेंगाळत ठेवू शकतो. आणि लेखी शब्द हाती असेल तर दुबळा पक्षही निदान भांडू शकतो.

2017 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीच हा करार आपल्या देशाला घातक असल्याचे सांगून तो नव्याने करायला लावला. 1 जुलै 2020 पासून नवा करार लागू झाला. मोटारीचा 75 टक्के भाग या तीन देशांतच तयार झालेला असावा, आणि चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग तासाला किमान 16 डॉलर मजुरी मिळवणाऱ्या कामगारांनी केलेला असावा, अशा अटी त्यात आल्या. करार असूनही 2025 मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या काही मालावर पुन्हा 25 टक्के जकात लावली. आणि मका? तो पुन्हा मध्ये आलाच. तोर्तियाच्या पिठात जनुक बदललेला मका वापरायचा नाही असा हुकूम मेक्सिकोने 2023 मध्ये काढला. अमेरिकेने तक्रार केली आणि डिसेंबर 2024 मध्ये लवादाने निकाल मेक्सिकोच्या विरुद्ध दिला. मेक्सिकोने तो हुकूम मागे घेतला. पण मार्च 2025 मध्ये घटनाच दुरुस्त करून, मका हा राष्ट्राच्या ओळखीचा भाग आहे आणि देशात जनुक बदललेला मका पेरायचा नाही, असे लिहून ठेवले. ज्या 27 व्या कलमात क्रांतीने जमीन लिहिली होती, त्यातच आता मका लिहिला गेला.

श्रोतेहो, विशेषतः शिक्षक बंधूभगिनींनो, या कहाणीवरून मुक्त व्यापार चांगला की वाईट असा वर्गातल्या वादविवादासारखा एका शब्दाचा निकाल काढू नये, असे मला वाटते. 1982 ची बंद वेसही मेक्सिकोला बुडवू शकली आणि 1994 ची उघडी वेसही सगळ्यांना तारू शकली नाही. खरा प्रश्न असा विचारावा की, वेस उघडण्यापूर्वी मिळालेला अवधी कोणाच्या तयारीसाठी वापरला? ज्याचा फायदा झाला त्याच्याकडून थोडे घेऊन ज्याचे नुकसान झाले त्याच्या शेतात पाणी नेले का? स्वस्त झालेल्या मालाचा लाभ खाणाऱ्याच्या ताटापर्यंत पोचला, की मधल्या हातांत राहिला? आपल्या देशानेही श्रीलंकेशी 1998 साली, पुढे आग्नेय आशियातील देशांशी असे करार केले; आणि नोव्हेंबर 2019 मध्ये पूर्व आशियातल्या मोठ्या करारातून माघार घेतली, तेव्हा दूध उत्पादकांची काळजी हे त्याचे एक कारण होते. पुढेही असे प्रसंग येतील. त्या वेळी वर्तमानपत्रातली बातमी वाचताना वरचे तीन प्रश्न हाताशी ठेवावेत.

आणि श्रावणात कणीस भाजताना मुलांना एवढे जरूर सांगावे की, हे धान्य ज्या डोंगरात जन्मले तिथले शेतकरी ते अजूनही पेरतात. आणि त्यांच्याबरोबर बियाणे निवडत, वर्ध्याचा एक माणूस एके काळी त्या शेतांत उभा होता.